पुराला सीमा नसते, पंचनाम्याला असते

आमच्या भागात दर पावसाळ्यात दोन पूर येतात. पहिला नदीचा. तो चार-आठ दिवसांत ओसरतो. दुसरा पाहणी दौऱ्यांचा, निवेदनांचा आणि आश्वासनांचा. तो ओसरायला पुढची निवडणूक यावी लागते. पहिल्या पुराविषयी माझी फारशी तक्रार नाही. आषाढ-श्रावणात नदीने काठ ओलांडावा, मळीच्या रानात चार दिवस राहून गाळ टाकून जावे, हा तिचा धर्मच आहे. तक्रार आहे ती दुसऱ्या पुराविषयी.

जुनी माणसे संकटाचे दोन प्रकार मानत : अस्मानी आणि सुलतानी. अस्मानीपुढे हात जोडायचे आणि सुलतानीला जाब विचारायचा, एवढा विवेक आपल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या पूर्वजांना होता. आम्ही शिकलो-सवरलो आणि तो विवेक गमावून बसलो. आज प्रत्येक सुलतानी अपयशावर ‘नैसर्गिक आपत्ती’ असा शिक्का मारला जातो आणि आपणही तो निमूटपणे मान्य करतो. पाऊस निसर्गाचा, हे खरे. पण इशारा न पोचणे, नाव वेळेवर न मिळणे, घर पडूनही यादीत नाव नसणे, हेही निसर्गाचेच काय?

मी बेळगाव जिल्ह्यात, दूधगंगेच्या काठच्या एका गावात मराठी हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. आमचे गाव कर्नाटकात, नदीपलीकडचे आमचे सोयरे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. ज्या काळम्मावाडी धरणातून आमच्याकडे पाणी येते ते महाराष्ट्रात आणि हेच पाणी पुढे चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळून ज्या अलमट्टी धरणात जाते ते कर्नाटकात. म्हणजे वरून येणारे पाणी एका सरकारचे, खाली अडणारे पाणी दुसऱ्या सरकारचे आणि मध्ये बुडणारी माणसे मात्र कोणाचीच नाहीत. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही म्हण आम्हा सीमाभागातल्या लोकांसाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

आमच्या शाळेच्या फाटकाच्या दगडी खांबावर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. शाळेची इमारत उंचावर असल्याने दोन्ही वेळा वर्ग वाचले. म्हणून दोन्ही वेळा गाव शाळेत आले. २००५ साली मी तरुण शिक्षक होतो. सतरंज्या उचलणे आणि पातेली धुणे एवढेच माझ्या वाट्याला आले होते. २०१९ साली मात्र शाळेचा शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता. या लेखाचे मूळ त्या शिक्क्यात आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा वाचकांना आठवत असेल. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट; तिथे ५७ फूट ओलांडले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि दोन राज्यांना जोडणारी वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून सतरा जण गेले. ती माणसे बुडाली ती घरात नव्हे, घरातून सुटका होताना. पुरेशा बोटी वेळेवर असत्या तर एका बोटीत तेवढी माणसे कशाला चढली असती? हा प्रश्न विचारला की उत्तर येते, “पाऊसच अभूतपूर्व होता हो.” पाऊस अभूतपूर्व असेल, पण २००५ चा पूर अनुभवलेल्या खोऱ्यात चौदा वर्षांनंतरही बोटींची वानवा असावी, हे मात्र भूतपूर्वच होते.

आमच्या गावाला इशारा कसा मिळाला ते ऐका. रात्री साडेदहाच्या सुमारास पलीकडच्या गावातून माझ्या मावसभावाचा फोन आला, “धरणातनं पाणी वाढवलंय म्हणत्यात. जनावरं सोडा.” आम्ही देवळातला ध्वनिक्षेपक लावला, पोरांनी गल्लोगल्ली आरोळ्या दिल्या. पहाटेपर्यंत खालच्या आळीत पाणी शिरले. सरकारी इशारा आला दुसऱ्या दिवशी दुपारी. पंचायतीच्या भिंतीवर एक छापील कागद डकवला गेला. तो कन्नडमध्ये होता. गाव जवळजवळ सगळे मराठी. बाजारहाटापुरते कन्नड आमच्या लोकांना येते, पण सरकारी छापील कन्नड वाचणारे थोडे. आमच्या शाळेत कन्नड शिकणारी आठवीतली एक मुलगी छत्री धरून तो कागद ओळीओळीने मराठीत सांगत होती. कागदात लिहिले होते की जनावरे सुरक्षित जागी हलवावीत. तोपर्यंत खालच्या आळीतल्या दोन म्हशी दाव्यालाच बुडाल्या होत्या.

भाषेचा विषय निघाला की काही वाचक लगेच बाह्या सरसावतात, काही कपाळाला आठ्या घालतात. दोघांनाही हात जोडून सांगतो, हा अस्मितेचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवा. शेजारच्या कन्नड गावाने त्या आठवड्यात आम्हाला टोपल्याच्या टोपल्या भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली. त्यांच्या पोरांनी इंजिन टाकीच्या रबरी नळ्या बांधून तराफा केला आणि आमच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बाहेर काढले. त्यांनी कोणालाही मातृभाषा विचारली नाही. पुराला भाषा नसतेच. पण इशाऱ्याला असते. ज्याला सावध करायचे त्याला कळेल अशा भाषेत सांगणे, ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे धोरण या देशाने राज्यपुनर्रचनेच्या काळातच स्वीकारले आहे. घटनेचे ३५० वे कलम तर नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क देते. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण पूर निकालासाठी थांबत नाही.

आता पलीकडच्या तीरावर जाऊ. तिथे भाषेची अडचण नव्हती. सगळे आदेश अस्सल मराठीत होते. त्यातलाच एक ७ ऑगस्ट २०१९ चा. पूरग्रस्त कुटुंबाला मोफत दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मिळण्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट होती. वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. चूल एका रात्रीत विझते. कणगीतले धान्य चार तासांत भिजते. पण सरकारच्या लेखी भूक लागायला अठ्ठेचाळीस तास पाण्यात उभे राहावे लागते! ओरड झाल्यावर सारवासारव झाली, नियम जुनेच आहेत असे सांगण्यात आले. जुने आहेत हाच तर आरोप आहे. पुढे मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांची आणि स्थानिक आमदारांची छायाचित्रे चिकटवलेली दिसली. पाकिटे भरायला हात अपुरे होते म्हणतात. चिकटवायला मात्र सापडले. म्हणजे आपल्या भाषेचे सरकार असले की सगळे आलबेल, या भ्रमात आपण राहू नये. आमच्यातले अनेक जण पलीकडे बोट दाखवून उसासे टाकतात. त्यांनी तो गहू-तांदळाचा आदेश एकदा डोळ्यांखालून घालावा.

आणि अलीकडे? आमच्या राज्यात २६ जुलै २०१९ ला मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली होती, पण मंत्रिमंडळात दुसरा मंत्री यायला २० ऑगस्ट उजाडला. बेळगाव जिल्हा बुडत असताना सबंध राज्याचे मंत्रिमंडळ म्हणजे एकच माणूस. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये जाहीर झाले, हे मोकळेपणाने मान्य करतो. रक्कम मोठी होती. पण पडझडीचे वर्ग पाडले गेले आणि कोणते घर कोणत्या वर्गात, यावर गावेच्या गावे भांडत बसली. आमच्या गावात एका विधवा आजींच्या मातीच्या घराची मागची भिंत आणि माळवद कोसळले. पुढची भिंत दारासकट उभी राहिली. पाहणी करणाऱ्याने रस्त्यावरून पाहिले आणि घर ‘उभे’ असल्याची नोंद केली. आजींनी विचारले, “बाबा, आत तरी येऊन बघ की.” त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चाळीस घरे उरकायची होती. केंद्राकडेही हेच चित्र, फक्त आकडे मोठे. राज्याने नुकसानीचा अंदाज पस्तीस हजार कोटींच्या वर मांडला. ऑक्टोबरमध्ये केंद्राची अंतरिम मदत आली ती बाराशे कोटींची.

या सगळ्यात दोन्ही राज्यांची सरकारे एका गोष्टीत मात्र तत्पर असतात : दोष सीमेपलीकडे ढकलण्यात. सांगली-कोल्हापूरकडे म्हणतात, अलमट्टीने पाणी अडवले म्हणून फुगवटा आला. आमच्याकडे म्हणतात, कोयनेने आणि काळम्मावाडीने पाणी सोडले म्हणून आम्ही बुडालो. मी मधल्या गावचा. मला दोन्ही भाषणे ऐकू येतात. कधी कधी तर दोन्ही एकाच रात्री, दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर.

अलमट्टीची मंजूर जलपातळी आज ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निर्णयात परवानगी दिली आणि तेव्हापासून वरच्या भागातल्या लोकांचा जीव टांगणीला आहे. ती भीती मला खोटी वाटत नाही. पण महाराष्ट्राने स्वतःच नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात काय म्हटले? २०१९ चा पूर अलमट्टीमुळे आला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील, पूररेषेच्या आतील अतिक्रमणे ही मोठी कारणे आहेत. हा निष्कर्ष सगळ्यांना पटलेला नाही आणि वाद घालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मात्र अहवालाचा दुसरा भाग, अतिक्रमणांचा, त्यावर कोणी वाद घालत नाही आणि कोणी कृतीही करत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर या रेषा आहेत. रेषांच्या आत बंगले आहेत, मंगल कार्यालये आहेत आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांच्या सह्याही आहेत. नाचता येईना, अंगण वाकडे. येथे अंगणच शेजाऱ्याचे, त्यामुळे ते वाकडे म्हणणे आणखी सोपे.

काळम्मावाडी धरणाच्या पाण्यात कर्नाटकाचा चार टीएमसी वाटा आहे. तो ठरवायला दोन्ही राज्ये एका टेबलाशी बसली, आकडे मांडले, करार केला. पाणी वाटून घेण्यासाठी जमले ते पूर वाटून घेण्यासाठी का जमू नये? कोणत्या धरणात कोणत्या तारखेला किती पाणी ठेवायचे, किती जागा पुरासाठी मोकळी ठेवायची, दार उघडण्याआधी किती तास आणि कोणाला कळवायचे, हे जून महिन्यातच ठरवून दोन्ही भाषांत छापता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी डोक्यावरून गेल्यावर मुख्यमंत्र्यांचे मुख्यमंत्र्यांशी फोन झाले आणि अलमट्टीतून पाच लाख क्युसेकपर्यंत विसर्ग नेण्याचे ठरले. वरातीमागून घोडे ते हेच.

“कायदाच नाही,” अशी सबब आता कोणाला सांगता येणार नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरची गावे झोपेतच गाडली गेली, तेव्हा मी एम. ए. चा विद्यार्थी होतो. वसतिगृहातून आम्ही कपड्यांची गाठोडी गोळा करून पाठवली होती. त्या वेळी आपत्तीसाठी देशात वेगळा कायदा नव्हता. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात जिल्हा प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. दर जिल्ह्याची योजना असावी, तिचा दरवर्षी आढावा घ्यावा, लोकांपर्यंत इशारा आणि माहिती पोचवण्याची यंत्रणा उभारावी, हे कायद्यातच लिहिले आहे. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान मापदंड ठरवण्याची तरतूद आहे. विधवा आणि अनाथांचा तर वेगळा उल्लेख आहे. कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूदही आहे. कागद असा भरभक्कम. पण याच कायद्याने सांगितलेली राष्ट्रीय योजना प्रसिद्ध व्हायला २०१६ साल उजाडले. अकरा वर्षे! दुष्काळाच्या एका खटल्यात त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले आणि आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठीचा निधी तीन महिन्यांत उभारायला सांगितले. तो उभा राहायला २०२१ आले. माझा एखादा विद्यार्थी गृहपाठाला अकरा वर्षे लावील तर मी त्याला वर्गाबाहेर उभे करीन. सरकारला कोठे उभे करावे?

आता त्या शिक्क्याविषयी.

आमच्या शाळेत गंजी केंद्र उघडले होते. त्रेसष्ट कुटुंबे आठ वर्गांत राहत होती. बाकांवर अंथरुणे, फळ्यावर शिधावाटपाचा हिशेब, प्रयोगशाळेत बाळंतीण. पाणी उतरू लागले. १३ ऑगस्टला एका कार्यालयातून माणूस आला. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनासाठी शाळा मोकळी आणि स्वच्छ हवी, म्हणून १४ तारखेला केंद्र बंद करायचे आणि सर्व कुटुंबे स्वगृही परतल्याचा दाखला मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने द्यायचा, असा निरोप होता. अकरा कुटुंबांच्या घरात अजून घोटाभर चिखल होता, चार घरे तर जमीनदोस्त होती. मी तसे सांगितले. तो म्हणाला, “सर, तुम्ही लिहून द्या, पुढचं वर बघतील.” मी विचार करतोय हे पाहून त्या विधवा आजीच म्हणाल्या, “करा सही, सर. तुमची नोकरी हाय. आमची भिंत काय, सुकंल कवातरी.”

मी सही केली. शिक्काही मारला.

१५ ऑगस्टला झेंडा फडकला, मुलांनी राष्ट्रगीत म्हटले. त्याच वेळी आजी गावाबाहेरच्या एका तंबाखूच्या वखारीच्या पडवीत बसून होत्या. पुढे जेव्हा त्यांच्या घराचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा कारणांमध्ये एक कारण होते, ‘कुटुंब १४ ऑगस्ट रोजी स्वगृही परतल्याचे प्रमाणपत्र दाखल.’ प्रमाणपत्र माझे. मी नंतर तीन वेळा लेखी खुलासा दिला, मराठीत आणि कन्नडमध्येही. उत्तर आले नाही.

हे मी पापक्षालनासाठी लिहीत नाही. सरकार म्हणून आपण ज्याला शिव्या देतो ते कोठे दूर बंगळूर-मुंबईत बसलेले नसते; ते माझ्यासारख्यांच्या खणात शिक्क्याच्या रूपाने असते, हे मला त्या दिवशी कळले. त्याच पुरात गावचा तरुण तलाठी दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून नावे लिहून घेत होता, हेही मी पाहिले आहे. तोही सरकारच. फरक एवढाच की तो काय दिसते ते लिहीत होता आणि मी काय सांगितले ते लिहिले. आणि आपण नागरिक? पाणी न लागलेल्यांनी यादीत नावे घुसडली, ओढ्यात भिंती बांधल्या, पूररेषेतला प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून पेढे वाटले. तो हिशेबही एकदा मांडावा लागेल. पण आमची चूक दाखवून सरकारची जबाबदारी कमी होत नाही. कर घेणारा, कायदा करणारा आणि धरणाच्या दाराची कळ हातात असणारा तोच आहे.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. २०२४ च्या जुलैतही पंचगंगेने धोक्याची रेषा ओलांडली. म्हणजे हा आता अपवाद राहिलेला नाही. म्हणून काही साध्या मागण्या मांडतो. धरणांच्या विसर्गाचे वेळापत्रक दोन्ही राज्यांनी मिळून पावसाळ्याआधी जाहीर करावे आणि विसर्ग वाढवण्याचा निरोप खालच्या प्रत्येक गावाला, राज्य कोणतेही असो, थेट द्यावा. इशारा आणि अर्ज गावाच्या भाषेत असावेत. नुकसानीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी आणि हरकत घेणाऱ्याला पोच द्यावी. पहिल्या दिवसाचे धान्य पहिल्याच दिवशी, विनाअट द्यावे. आणि निवारा केंद्र बंद करण्याचा निर्णय तारखेवर नव्हे, तर तिथे राहणाऱ्या शेवटच्या कुटुंबाच्या चुलीवर ठरवावा. यातल्या एकाही मागणीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती फक्त लाज.

माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत. खांबावरच्या दोन रेघांच्या वर हातभर जागा मोकळी आहे. मुले विचारतात, “सर, तिसरी रेघ कुठं येणार?” त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, ते पावसाच्या हातात आहे. पण तिसऱ्या वेळी जेव्हा कोणी दाखल्याचा कागद पुढे करील, तेव्हा माझ्या जागी जो कोणी असेल त्याने आधी त्या अकरा घरांत जाऊन जमिनीला हात लावून पाहावा. ओल असेल तर शिक्का खणातच राहू द्यावा. एवढे मी त्या खणात एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही.